तांबड्या थरातला देव

ते पत्र एवढ्यात फोडू नका. दुपारच्या टपालाने आलं आणि मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून हेडमास्तरांनी तुम्हाला पाठवलं, हे मला कळतं. तुम्ही शाळेत नवे आहात, तुमच्याच गळ्यात पडणार. वाचाल, पण माझं सांगून झाल्यावर. पत्र खैरीच्या खुशाल मिस्त्रीचं असणार. तिथून मला लिहिणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

बसा. नको, सतरंजीवर नको, खुर्ची घ्या. आणि तो कंदील खाली ठेवू नका, टेबलावर ठेवा.

मी चष्मा का लावत नाही हे सगळं अंजनगाव विचारतं. सहा वर्षं लावत होतो, गेल्या वर्षी काढून ठेवला. फळ्यावर ओळ चढणीला लागते, पोरं फिदीफिदी हसतात, परवा तर इन्स्पेक्टरसाहेबांना शिपाई समजून मी त्यांच्याकडे पाणी मागितलं. तरीही लावत नाही. 'माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता' अशी सुरुवात करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो, म्हणून मी तशी करणार नाही. मी चुन्यापासून सुरू करतो.

गेल्या वर्षी चैत्रात मी इथल्या बाजारात आठ डबे चुना आणि दोन पोती सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, घ्यायला गेलो होतो. घराला सफेदी द्यायची असती तर गोष्ट वेगळी. हा चुना मला आमच्या शेतातल्या विहिरीच्या तळाशी एका भोकात ओतायचा होता, आणि तोही धाकट्या भावाच्या हट्टापायी. दुकानदाराने विचारलं, 'मास्तर, बांधकाम काढलं का?' मी म्हटलं, 'नाही, डोकं फिरलंय घरातल्यांचं.'

आम्ही जातीचे माळी. खैरी इथून डोंगराच्या पायथ्याकडे चार कोस. वडील शालिकराम तिथे वांगी, मिरची, झेंडू पिकवायचे, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी संत्र्याची दोनशे कलमं लावली होती. लहानपणी उसाच्या चरकात त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती, तरी उरलेल्या तीन बोटांनी ते जे रोप लावत ते जगायचं. पण गेल्या वर्षी विहीर आटली. चैत्रातच संत्र्याची पानं वळायला लागली आणि बाबा रोज पहाटे एकेका झाडाला लोट्याने पाणी घालत फिरायचे. दोनशे झाडं आणि एक लोटा! विहीर खोल करणं भाग होतं.

त्याच सुमारास उत्तम लढाईवरून परत आला. धाकटा भाऊ माझा. पलटणीत मोटारड्रायव्हर होता, इटलीपर्यंत जाऊन आला. बंदुकीच्या गोळीने त्याला काही केलं नाही, पण तिथे एक डोंगर आहे, व्हेसूवियस नावाचा, तो चव्वेचाळीस साली ह्याच्या डोळ्यांदेखत फुटला, आणि तो डोंगर हा घरी घेऊन आला. सकाळी डोंगर, संध्याकाळी डोंगर. राख कशी हातभर साचली, तिच्या वजनाने घरांची छपरं कशी खाली आली, बायका डोक्यावर पातेली घालून कशा पळाल्या, दगडाचा लालभडक रस माणसाच्या चालीने गल्लीत येऊन एकेक भिंत कशी ढकलत गेला. सुभद्रा, म्हणजे माझी मंडळी, पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि पोळ्या करपायच्या. आणि हा जेवायचा उभ्याने. ताट कोनाड्यात ठेवून, उभ्या उभ्या. जमिनीवर म्हणून बसायचा नाही, निजायचाही बाजेवर. बाबा आणि मी पाटावर आणि हा आमच्या डोक्यावर उभा. तुम्हीच सांगा, घास घशाखाली उतरेल?

'अबे, बस ना खाली!' बाबा ओरडायचे.

'नाई बाबा. तुमीबी नका बसत जाऊ.'

मी भूगोल शिकवतो. मी त्याला शंभरदा समजावलं की बाबा रे, वऱ्हाडात ज्वालामुखी नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, रस बाहेर आला, पसरला, थिजला, त्याची ही काळी माती झाली. संपला विषय. पाचवीच्या पुस्तकात आहे.

'पुस्तकानं त्याले सांगतलं का, भाऊ? का आता संपजो म्हणून?' उत्तम म्हणायचा. 'तिथलेबी म्हणत होते झोपला हाय. एक म्हातारा होता, द्राक्षाचा मळा त्याचा, माती आपल्यावानीच काळीभोर. मी म्हटलं, बाबा, ह्या डोंगराखाली काहून राहता? तर म्हणते, अशी माती सोडून कोण जाईल? अन् त्यानं मले सांगतलं, डोंगर फुटायच्या आधी विहिरी आटते. डोंगर आधी पाणी पिते.'

'आपली विहीर आटली कारण पाऊस कमी पडला.'

'असंन,' तो म्हणायचा. वाद घालणारा माणूस परवडला, पण 'असंन' म्हणणाऱ्याचं काय करायचं?

खुशाल मिस्त्रीच्या माणसांनी खोदायला सुरुवात केली. जुन्या तळाखाली काळा पाषाण, कठीण, सुरुंगाशिवाय हलेना. बारा हात खाली गेल्यावर पाषाण संपला आणि विटेसारखा तांबडा थर लागला. उत्तम खाली उतरला, उभ्यानेच त्या थरावर हात फिरवला आणि म्हणाला, 'ही भाजेल राख हाय. त्या डोंगराले असेच थर असते. राख, दगड, पुन्हा राख. भाकरीची चळत असते तशी.' ते खरं होतं. दोन रसांच्या मधली जमीन वरच्या रसाने भाजून लाल होते, हे पुस्तकातही आहे. त्याचं खरं निघालं ह्याचीच मला जास्त चीड आली.

मग त्या थरात सुरुंग लावला आणि एक भोक उघडं पडलं. मूठ जाईल एवढं. आत पोकळ. खडा टाकला तर आवाज आला नाही. भोकातून विझलेल्या काडीचा येतो तसा वास यायचा, आणि कान लावला तर... वारा म्हणावा तर तसं नव्हतं. कोणीतरी उसासा अर्धा घेऊन थांबलंय, असं काहीतरी. माणसांनी पहारी टाकल्या. भोक बुजवल्याशिवाय काम करणार नाही म्हणाले.

तेव्हा उत्तमने चुन्याचं काढलं. तिकडे त्या डोंगराखाली एक जुनं शहर दबलेलं आहे. राखेत माणसं जागच्या जागी मेली, राख घट्ट झाली, आतली माणसं माती होऊन गेली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. लोक त्यांत पातळ गिलावा ओततात, घट्ट झाला की भोवतालचं फोडतात, आणि माणूस बाहेर येतो. रजेत हा बघून आला होता. 'आपणबी ओतू, भाऊ. काय हाय ते तरी समजंन.'

मी चुना आणला तो त्याला गप्प करायला, आणि भोक बुजून काम सुरू व्हावं म्हणून. बाकी काही नाही.

चुना-सुर्खी कालवून ओतायला लागलो. दोन डबे गेले, चार गेले, आठ गेले.

'मास्तर,' खुशाल मिस्त्री हळूच म्हणाला, 'हे भोक पेऊन राह्यलं...'

आठ दिवस थांबलो. मग हलक्या हाताने तांबडा थर फोडला. आत बसलेला माणूस होता.

आता तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. मीही स्वतःला हेच सांगितलं, की दगडात पोकळ्या असतात, ढगातसुद्धा हत्ती दिसतो. मांडी घातलेली, पाठ वाकलेली, कपाळ पुढे झुकलेलं, दोन्ही हात समोर. चेहरा असा नव्हताच, नुसता गोळा. खांद्यामागून चुन्याचा एक जाड पट्टा वर येऊन पुढे वाकला होता. त्याच्या मागे एका बाजूला पोकळी आणखी आत गेली होती, पण तिथवर चुना पुरला नव्हता. तिथे भोक तसंच राहिलं.

खबर गावात गेली आणि दुपारपर्यंत विहिरीवर जत्रा. शेजारच्या माणिकबाईने वरून वाकून पाहिलं आणि हात जोडले. 'देव निंघाला वो माय! बसून हाय, अन् मांगून नागानं फणा धरला!' झालं. तासाभरात त्या चुन्याला शेंदूर लागला. मी ओरडून सांगतोय, अहो, चुना माझा आहे, आठ डबे, मी स्वतः आणला, तर लोक म्हणतात, मास्तर, चुना तुमचा, आकार त्याचा.

उत्तम मला बाजूला घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता. 'भाऊ, तो देव नाई. डाव्या हाताची बोटं मोज.'

मी मोजली होती. तीन होती.

'काढताना तुटली असतील,' मी म्हटलं.

'तुटली असती तं खाली पडली असती ना...'

'उत्तम, पुरे कर!' मी इतक्या जोरात ओरडलो की माणिकबाईने वळून पाहिलं.

मग गावाने ठरवलं की देव निघाला तर पाणीही तोच देईल. अक्षय तृतीयेला भर दुपारी घरातल्या वडील माणसाने तळाशी बसून पूजा करायची, मगच पुढची पहार मारायची. विहिरीची अशी पूजा आमच्याकडे पहिल्यापासून आहे, त्यात नवं काही नव्हतं. बाबा तर हरखून गेले. आदल्या दिवशी उत्तम त्यांच्या पायाशी आला, उभ्यानेच वाकून पाय धरले.

'बाबा, खाली बसू नका. त्या डोंगराच्या खोलगटात मेलेली मेंढरं पाह्यली मी. राखण्या बाजूले उभा होता, त्याले काई नाई. मेंढरू उचलाले म्हणून खाली बसला... अन् उठलाच नाई. जमिनीतून वाफ निंघते, दिसत नाई, कमरेपर्यंतच रायते. उभा माणूस जगते. त्या भोकातून तोच वास येऊन राह्यला.'

'पोरा,' बाबा म्हणाले, 'माह्यी झाडं मरून राह्यली. देवासमोर उभा राहू का मी?'

आता माझी गोष्ट ऐका, कारण चूक माझी आहे. तो वायू मला माहीत होता. हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, त्यात दिवा विझतो. तो विषय मी शिकवतो! उत्तमचं तोंड बंद करावं म्हणून मी पूजेच्या दिवशी सकाळी सर्वांसमोर दोरीला दिवा बांधून विहिरीत सोडला. तळाशी चिखल होता, दिवा कलंडू नये म्हणून कमरेच्या उंचीवर थांबवला. दिवा शांत जळत होता. मी म्हटलं, 'बघ, झालं समाधान?' तो म्हणाला, 'आणखी खाली सोड.' मी दोरी वर ओढली. मला त्याचा इतका वीट आला होता की दोन हात दोरी आणखी सोडायचीसुद्धा माझी तयारी नव्हती.

दुपारी बारा वाजता बाबा दोरीच्या पाळण्यात बसून खाली गेले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. वर सगळं गाव कठड्याला टेकलेलं. ऊन विहिरीत सरळ उतरलं होतं आणि शेंदूर चकाकत होता. बाबांनी देवासमोर मांडी घातली, दिवा जमिनीवर ठेवला. विझला. त्यांनी काडी ओढली. पेटली आणि खाली नेताच विझली. दुसरी. तिसरी.

'रुसला...' माणिकबाई कुजबुजली. मग तिने आवाज दिला, 'शालिकराम भाऊ, डोकं टेका! वाकून पाया पडा!'

बाबा वाकले.

दुसऱ्या कुठल्याही मुलखात दिवा विझला असता तर माणूस उठून पळाला असता. आमच्याकडे तो आणखी खाली वाकतो.

उत्तम कठड्याकडे धावला आणि मी त्याचा दंड धरला. 'लोकांत तमाशा करू नको,' मी म्हटलं. किती वेळ धरला? तुम्ही विसापर्यंत आकडे मोजाल, तेवढा. बाबांचं कपाळ जमिनीला टेकलेलं, डावा हात पुढे. ते हलत नव्हते, आणि मला वाटत होतं की भक्तीत आहेत. मग उत्तमने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला, सुटला आणि दोरीवरून घसरत खाली गेला. तळाशी उभा राहिला. वर, माझ्याकडे पाहिलं. छातीभर श्वास घेतला, खाली वाकला आणि बाबांच्या काखेत हात घातला.

तो तसाच राहिला. मला वाटलं उचलतोय. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो.

त्यानंतर मी पुस्तकातलं सगळं केलं. कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा बांधून शंभरदा वरखाली केला, हवा ढवळली, कंदील अगदी तळाला टेकवून पाहिला. जळाला. सगळं बरोबर केलं, दोन तास उशिरा. मग मी स्वतः उतरलो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं.

बाबा बसलेले होते. कपाळ पुढे, हात पुढे, तीन बोटं. उत्तम त्यांच्या पाठीशी ओणवा होऊन विहिरीच्या भिंतीला अडकला होता. त्याचा उजवा हात बाबांच्या खांद्यामागून वर येऊन पुढे वाकला होता. मी समोरच्या शेंदूर लावलेल्या चुन्याकडे पाहिलं. तो नागाचा फणा नव्हता हो. तो हात होता. कोपर, मनगट, काखेत घातलेला पंजा, सगळं होतं. आठ दिवस आमच्यासमोर होतं, आणि आम्ही त्याला हळद-कुंकू वाहत होतो.

मला रडू आलं नाही. मला संताप आला, उत्तमचा, बाबांचा, माणिकबाईचा, पाचवीच्या पुस्तकाचा. आणि त्या संतापात मी ते राहिलेलं भोक पाहिलं, जिथे चुना पुरला नव्हता. मी आत हात घातला. का घातला, माहीत नाही. आतली भिंत गुळगुळीत आणि किंचित कोमट होती. बोटाला आधी कपाळाचा उतार लागला, मग नाकाचा खळगा. आणि नाकाच्या दोन्ही अंगांना दोन गोल कडा, रुपयाएवढ्या, मधून एका बारीक दांडीने जोडलेल्या.

आमच्या घरात, आमच्या गावात चष्मा लावणारा माणूस एकच होता.

मी चष्मा तिथेच काढला. वर आलो तो पाळणा धरून, चाचपडत. त्यानंतर आजतागायत लावला नाही. माझा हिशेब सरळ आहे. त्या भोकातल्या माणसाला चष्मा आहे, मला नाही, म्हणजे तो मी नाही. हसू आलं तर हसा. भूगोलाचा मास्तर आहे मी, मला आणखी काय सुचणार?

त्याच संध्याकाळी तांबड्या थराला पाझर फुटला. आठवड्याभरात पाणी देवाच्या डोक्यावर गेलं. दोनशेची दोनशे संत्री जगली, यंदा पहिला बहर धरला. सुभद्रा अजून खैरीलाच असते, ती दोन फळं घेऊन आली होती, मी खाल्ली नाहीत.

घ्या, आता फोडा ते पत्र. मोठ्याने वाचा.

'राजमान्य राजश्री केशवराव मास्तर यांस खुशाल मिस्त्रीचा रामराम. पत्रास कारण का विहीर पुन्हा तळाले गेली. गावातल्या समद्या विहिरी आटल्या, बायका दोन कोसावरून पाणी आणून राह्यल्या. अक्षय तृतीयेले पूजा करून पुढं खोदाचं ठरलं. तुमच्या घरात आता वडील तुमीच, तवा बसाले तुमालेच यावं लागते. तुमी आल्याबिगर कोणी पहार मारणार नाई. आणखी एक. त्या राह्यलेल्या भोकातून लय वास येत होता म्हून आमी त्यात चुना भरला. काल फोडलं. आतून दुसरा देव निंघाला. हात जोडून बसेल हाय. ह्याचा चेहरा मात्र साफ उमटला, डोये, नाक, समदं. डोयावर काई नाई. फक्त नाकाच्या दोन्ही बाजूले, वर, दोन बारके खळगे हायेत, चिमटा घेतल्यावानी. माणिकबाई म्हणते देवाची खूण हाय. लवकर येजा.'

थांबा, पत्र ठेवा. तो कंदील उचला आणि इकडे, माझ्या तोंडाजवळ धरा. आणखी जवळ. वर्ष झालं चष्मा काढून. इथे, नाकावर, दोन्ही बाजूंना बघा... बुजलेत ना हो?

काहीतरी बोला की.